सगळ्यांनी मिळून घसरायलाच हवं का?

बेळगावच्या वडगाव भागातून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून त्याचा सारांश देते.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नऊ जणांचं कुटुंब गुलमर्गला निघालंय. ताई, त्यांचे यजमान, पंधरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, सासू-सासरे, शिवाय पुण्याचे दीर-जाऊ आणि त्यांचं सहा वर्षांचं पोर. दीर कंपनीच्या कामानं स्वित्झर्लंडला गेले होते तेव्हा दोन दिवस स्कीइंग करून आले, त्यामुळं बेत सगळा त्यांचा. सगळ्यांनी मिळून स्की करायचं, गोंडोलानं, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेनं, अगदी वरच्या टप्प्यापर्यंत जायचं, आणि बर्फ जितका जोरात पडेल तितकं चांगलं, असं त्यांचं म्हणणं. मुलाला स्की नको, स्नोबोर्डच पाहिजे, ते ताईंना पटत नाही. सासरे मराठा सेंटरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, काश्मिरात हिवाळे काढलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बेत ऐकून ते एकदाच म्हणाले, "जोराचा बर्फ असला तर पोरांना वर न्यायचं नाही," आणि गप्प झाले. दीर म्हणतात, आप्पांचा काळ वेगळा होता. यजमान म्हणतात, पैसे भरून झालेत, निम्मे तर परतही मिळणार नाहीत. ताई विचारतात, "मी बोलले तर मोडता घातला असं होणार, नाही बोलले तर जिवाला घोर. ट्रिपच रद्द करायला लावू का?"

पत्राच्या अगदी शेवटी कंसात एक ओळ आहे : "खरं तर मलाही एकदा शिकून बघायचं होतं, पण त्रेचाळिसाव्या वर्षी लोक हसतील."

ताई,

कंसातल्या ओळीकडं शेवटी येते. विसरणार नाही.

आधी तुमच्या सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर. ट्रिप रद्द करू नका. निदान आज तरी नको. आज घरी बसून जायचं की नाही यावर भांडण म्हणजे चैत्रात बसून कणकुंबीचा पाऊस मोजण्यासारखं आहे. २०२४च्या जानेवारीत पहिला पंधरवडा उलटला तरी गुलमर्गचं कुरण कोरडं होतं, स्की घेऊन आलेली माणसं सुकलेल्या गवतावर उभी राहून फोटो काढत होती. २०२५च्या फेब्रुवारीत तिथं खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढं ढकलाव्या लागल्या. म्हणजे ज्या जोराच्या बर्फावरून तुमच्या घरात दोन तट पडलेत, तो येईल की नाही हेच अजून कुणाला माहीत नाही. तिकडचा बर्फ पश्चिमी झंझावाताबरोबर येतो. एक-दोन दिवस झोडपतो, मग उघडतो, आठवड्यानं पुन्हा येतो. तीन-चार दिवस आधीचा अंदाज बऱ्यापैकी खरा धरता येतो, त्याच्या पलीकडचा नाही. तेव्हा बेळगावात ठरवायचं ते एवढंच की तिथं गेल्यावर रोज सकाळी कोण ठरवणार, आणि कशावरून.

आता दीरांचं "बर्फ जितका जोरात तितकं चांगलं". हे वाक्य खोटं नाही, फक्त ते त्यांचं नाही. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फासाठी जगभरातून कसलेले स्कीअर येतात, हे ते बोलले तर ठीक. पहिल्यांदा पायात फळ्या बांधणाऱ्या माणसाला तोच बर्फ वैरी. फळ्या रुततात, वळायला जावं तर वळत नाहीत, पडल्यावर हात टेकून उठावं तर हात कोपरापर्यंत आत जातो आणि माणूस उलट्या कासवासारखा पडून राहतो. त्यात ढग खाली आलेले असले तर सावल्याच नाहीशा होतात. खड्डा कुठं, उंचवटा कुठं, काही कळत नाही. नवशिक्याला लागतो दाबून सपाट केलेला, कमी उताराचा, मोकळा तुकडा. गुलमर्गला तो खालच्या कुरणातच मिळतो, हॉटेलांच्या आसपास, माणसाला उतारावर वर ओढून नेणाऱ्या छोट्या ओढ-लिफ्टांजवळ. वर नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०१९च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. निपाणीकडं निघालेल्या कुणाला आपण "घाबरलास का रे?" असं विचारलं नाही. गाडी वळवली आणि घरी येऊन चहा प्यालो. पाण्याची आपली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, म्हणून त्याच्यापुढं मागं सरताना लाज वाटत नाही. बर्फाची ओळख नाही, म्हणून तिथं मर्दुमकी सुचते.

तुमच्या घरात ही ओळख एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस एक वाक्य बोलून गप्प झालाय.

सुभेदारसाहेबांच्या मनात नेमकं काय असेल ते मला माहीत नाही. पण फौजेतल्या माणसाला गुलमर्ग म्हटल्यावर काय आठवू शकतं ते सांगते. ८ फेब्रुवारी २०१० रोजी तिथल्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणार्थी जवानांवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जण गेले. बर्फात राहायचं कसं हेच शिकायला आलेली तरणीताठी माणसं. अलीकडचं बघायचं तर २०२३च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उतारावर हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले, २०२४च्या फेब्रुवारीत रशियाचा एक. हे सगळे मुरलेले खेळाडू, नेहमीच्या उतारांच्या पलीकडं गेलेले.

हे कसं होतं ते दीरांनाही समजून घेऊ द्या, कारण त्यात एक फसवी गोष्ट आहे. जुन्या, घट्ट बर्फावर नवा थर पडतो. दोन्हींची नीट गाठ बसलेली नसते. उतार साधारण ३० ते ४५ अंशांचा असला की वरचा थर निसटायला टेकलेला असतो, आणि बरेचदा त्याला धक्का देतो तो त्यावरून जाणारा माणूसच. जोराच्या बर्फानंतरचा पहिला एक-दीड दिवस सगळ्यात वाईट. आणि नेमका तोच दिवस दिसायला सगळ्यात सुंदर असतो. आभाळ निळंभोर, ऊन पडलेलं, झाडं लगडलेली. "आता उघडलंय, चला वर" असं वाटतं ते त्याच सकाळी.

पण हेही लगेच सांगते, नाहीतर हा परिच्छेद वाचून तुम्ही आज रात्रीही जागाल. खालच्या कुरणातल्या सौम्य उतारावर शिकणाऱ्या तुमच्या लेकीला हा धोका नाही. हिमस्खलनाला तीव्र उतार लागतो आणि तिचा उतार तसा नाही. सुभेदारांनी काढलेले हिवाळे चौकीवरचे, हुकमाचे. "आज जात नाही" म्हणायची मुभा तिथं नव्हती. तुम्हाला आहे. तेव्हा त्यांचा अनुभव जसाच्या तसा पर्यटकांच्या कुरणावर लावायचा नाही, आणि "आप्पांचा काळ वेगळा होता" म्हणून मोडीतही काढायचा नाही. काळ बदलला, उतारांचे अंश तेवढेच आहेत.

वरच्या टप्प्याचं माझं मत स्पष्ट आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. गुलमर्ग २,६५० मीटर. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला, तीन हजारांच्या थोडा वर. दुसरा टप्पा अफरवटला, जवळजवळ ३,९५० मीटर. अडीच हजारांच्या पुढं विरळ हवेनं डोकं दुखणं, मळमळ, धाप लागणं सुरू होऊ शकतं. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसानं त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय गुलमर्गलाच जाऊ नये, अफरवट तर दूरच. ही भेट या महिन्यातच उरका, निघायच्या आदल्या दिवशी नको. सहा वर्षांच्या पोरालाही तिथं नेऊन काही साधत नाही. अफरवटवरून नवशिक्यानं उतरावं असा उतारच नाही. गेलात तरी बघून पुन्हा डब्यातूनच खाली यायचं. ग्रुप फोटो कोंगडूरीला काढा, मागं डोंगर तेच येतात. वारा किंवा बर्फ वाढला की वरचा टप्पा बंद ठेवतात, त्या दिवशी खिडकीवर वाद घालायचा नाही, एवढं दीरांकडून आधी कबूल करून घ्या.

दीरांबद्दल थोडं. पत्रात तुमचा त्यांच्यावर राग दिसतो. पण नऊ जणांची तिकिटं, खोल्या, सुट्ट्या जमवणारा माणूस घरात एखादाच असतो, हे विसरू नका. त्यांनी दोन दिवस स्कीइंग केलंय ते झाडून-पुसून ठेवलेल्या, पाट्या लावलेल्या उतारांवर. त्यातून त्यांना स्वतःला थोडंसं येत असेल, शिकवायला येत नाही. आणि येत असतं तरी घरच्यांकडून शिकू नये. कॅम्पातल्या रिकाम्या रस्त्यावर नवऱ्याकडून कार शिकलेल्या बायकांना विचारा, काय ते सांगतील. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचे अभ्यासक्रम बरेच दिवसांचे असतात. तुम्हाला तेवढा वेळ नसणार. तर दिवसाच्या हिशेबानं प्रशिक्षक घ्या, त्याचं पर्यटन खात्याचं नोंदणीपत्र बघून घ्या. मुलांना एक, मोठ्यांना एक. पैसे वाचवायला नऊ जणांत एक घेतलात तर तो दिवसभर फक्त उठवायचं काम करेल.

मुलाला स्नोबोर्ड घेऊ द्या. यात मी तुमच्या विरुद्ध आहे. पंधरा हे वय त्यासाठी चांगलं. फक्त फरक त्याला आधी सांगा. स्कीमध्ये दोन फळ्या, हातात काठ्या, तोंड पुढं. पहिल्या दिवशी पायांचा उलटा व्ही करून हळूहळू उतरणं बहुतेकांना जमतं. स्नोबोर्डला फळी एकच, दोन्ही पाय बांधलेले, अंग आडवं. पहिले दोन दिवस निव्वळ आपटणं, कधी पुढं गुडघ्यांवर, कधी मागं माकडहाडावर आणि डोक्यावर. मग तिसऱ्या दिवशी एकदम जमायला लागतं आणि तोवर ट्रिप संपलेली असते. स्कीत गुडघा दुखावतो, बोर्डवर मनगट. पडताना हात पसरून टेकायचा नाही, मूठ मिटून हात जवळ घ्यायचे, हे इथंच घरच्या गादीवर चार वेळा करून घ्या. हेल्मेट दोन्हीकडं, त्यात चर्चा नाही. मनगटाचे गार्ड तिथं मिळतीलच असं नाही, इकडूनच घेऊन जा. आणि अट घाला की बोर्ड घेतलास तर दोन दिवस प्रशिक्षकाजवळच. पहिल्या आपटीनंतर "मला स्की द्या" नाही.

कपड्यांचं मी माझ्या अंगावरच्या अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी मनालीजवळच्या सोलंगला मी जीन्स घालून गेले आणि थंडी वाजेल म्हणून मोजे दोन जोड चढवले. दुपारपर्यंत जीन्स भिजून लाकडासारखी झाली, आणि बुटात पाय इतके आवळले की रक्तच फिरेना. लोकांसमोर रडले, वय तेव्हा तुमच्यापेक्षा कमी नव्हतं. आत थर्मल, मधे लोकरीचं, वर पाणी न शिरणारं, एवढं पुरतं. सुती कपडा अंगाला लागेल असा नको. मोजा लोकरीचा, लांब, एकच जोड. काळा चष्मा सगळ्यांना, सासूबाईंनाही, कारण ताज्या बर्फावरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण उलटून डोळ्यांत येतात. ढगाळ दिवशीही.

रस्त्याचं आणि राहण्याचं थोडक्यात, कारण तुमच्यासारखे इतरही हे वाचतील. बर्फात तंगमर्गहून गुलमर्गपर्यंतचे १३ किलोमीटर चाकांना साखळ्या असल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. तिथून स्थानिक गाडी करा, श्रीनगरच्या ड्रायव्हरला जबरदस्ती करू नका. गाडी बर्फात अडकली तर इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसायचं नाही. सायलेन्सर बर्फात गाडला गेला की विषारी वायू आत येतो. २०२२च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी गावाजवळ अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक दगावले, त्यांत लेकुरवाळी कुटुंबं होती. खोलीत गॅसची शेगडी किंवा बुखारी (तिकडची लाकडं जाळायची शेगडी) असली तर रात्री खिडकीची फट उघडी. आपल्याकडची प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, निदान तीन मोठ्यांजवळ पोस्टपेड असू द्या. प्रवास विमा काढताना साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा, बहुतेकदा धरलेले नसतात. परतीत एक दिवस मोकळा ठेवा. श्रीनगरची विमानं बर्फात रद्द होतात, जम्मू-श्रीनगर हायवे रामबनजवळ बंद पडतो. २०२५च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वे सुरू झाली हा मोठाच आधार आहे, पण दिल्लीत उतरल्याउतरल्या निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेस पकडायची असा हिशेब करू नका. कुंदा मात्र भरपूर न्या, त्या थंडीत खराब व्हायची भीती नाही.

भरलेल्या पैशांचं यजमानांना एवढंच सांगा की ते गेले. गेलात तरी गेले, न गेलात तरी गेले. एखाद्या सकाळी खाली बसून राहिल्यानं आणखी जाणार नाहीत.

आता बोलायचं कसं. सगळ्यांसमोर "मला भीती वाटते" म्हणू नका. भीती खोटी म्हणून नव्हे. ते शब्द निघाले की सगळे तुमची समजूत घालायला लागतील आणि बर्फाचा विषय बाजूला राहील. आधी एका संध्याकाळी सासऱ्यांजवळ बसा. "मामा, तिकडं बर्फात पुढं जायचं की थांबायचं हे तुम्ही कसं ठरवायचात?" एवढंच विचारा. कदाचित तासभर बोलतील. कदाचित दोन वाक्यं बोलून बातम्या लावतील. काही माणसं त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत, मग ओढून काढू नका. मग यजमानांना बरोबर घेऊन दीरांना म्हणा, बेत तुमचाच राहू दे, फक्त रोज सकाळचा निर्णय आप्पांना देऊ या. त्यांनी हवामान बघायचं, हिमस्खलनाचा इशारा बघायचा, गोंडोलाजवळच्या स्की पेट्रोलच्या, म्हणजे उतारांवर गस्त घालणाऱ्या, पोरांना विचारायचं, आणि नाश्त्याला सांगायचं, आज कोंगडूरी की आज खालीच. हे मानाचं पान नको. ते "नाही" म्हणाले की नाही, त्यावर मतदान घ्यायचं नाही. ते "जा" म्हणाले की तुम्हीही कुरकुरायचं नाही, ही अट तुम्हालाही लागू आहे. आणि हे कुटुंबाच्या ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे तिथं बर्फात उभं राहून "असं कुठं ठरलं होतं?" होणार नाही.

मला पत्रात सगळ्यात खटकलेला शब्द "सगळ्यांनी मिळून" हा आहे. नऊ माणसं, सहा ते एकाहत्तर वयाची, एकाच उतारावर का हवीत? आपल्या घरांत एकत्र जाणं म्हणजे एकच गोष्ट करणं, अशी समजूत आहे. यात्रेला जाऊन आलेल्या बाईला विचारा, किती वेळ देवळात होती आणि किती वेळ चुलीपुढं. सासूबाईंना खिडकीतून पडणारा बर्फ आणि हातात गरम कहवा मिळाला तरी त्यांची ट्रिप पुरी होईल. त्यांच्या गुडघ्यांना स्लेजवर घालून ढकलायची काही गरज नाही.

आणि ते सहा वर्षांचं पोर दिवसभर कुणाजवळ राहणार, हे ठरलंय का? तुमच्या पत्रात प्रशिक्षक आहे, गोंडोला आहे, स्नोबोर्ड आहे, हे नाही. तास-दीड तासात त्याची बोटं गारठणार आणि ते रडत बाहेर येणार. ठरलेलं नाही याचा अर्थ ते तुमच्याजवळ येणार. तुमच्या लक्षातही येणार नाही, इतकं आपसूक येणार. त्याची सू, त्याचे ओले हातमोजे, सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी, यजमानांची बीपीची गोळी, सगळं धरून तुम्ही काठावर उभ्या राहाल आणि बाकीचे घसरतील.

म्हणून आता तो कंस. लोक हसतील म्हणता. कोण लोक? नवशिक्यांच्या उतारावर जो तो स्वतः पडण्यात गुंतलेला असतो, आणि तिथं तुम्हाला ओळखणारं वडगावचं कुणी नसणार. हसतील ती तुमचीच दोन मुलं, आणि ते हसणं तुम्हाला आवडेल. खरी अडचण वयाची नाहीच, सकाळच्या तीन तासांची आहे. ते तीन तास आत्ताच मागून घ्या. पहिल्या दोन दिवशी दहा ते एक प्रशिक्षक तुमच्या नावावर. त्या वेळात पोर त्याच्या बापाजवळ, आणि हे दीरांना आजच सांगायचं, तिथं नव्हे. जाऊबाईंनाही विचारा. त्यांच्याही पत्रात एखादा कंस असेल.

बूट भाड्यानं घेण्यासाठी दीर ग्रुपवर सगळ्यांच्या पायांची मापं मागतील. यादी अर्थात तुम्हीच कराल, मुलांची, यजमानांची, मामांची. तुमचं माप पहिलं लिहा. आणि मोजे एकच जोड.